धूळ किती धरायची

चिखलदऱ्याच्या आकाशकेंद्राचं दार रोज सकाळी एक प्रश्न विचारायचं, आणि उत्तर मिळाल्याशिवाय उघडायचं नाही.

"काल उत्तराबद्दल तुमच्या कानावर काही आलं का?"

"नाही," शलाका इंगोले म्हणायची, आणि दार उघडायचं.

विचारणाऱ्या यंत्राला सगळे साक्षी म्हणत. दाराच्या चौकटीत बसवलेली हातभर लांब काळी पट्टी आणि तिच्यातून येणारा एका पोक्त बाईचा आवाज, त्यात माया नाही आणि रागही नाही. साक्षी खोटं पकडत नसे. तशी यंत्रं त्या काळात आली होती, पण केंद्रातल्या माणसांनीच ती नको म्हटली होती. साक्षी फक्त विचारायची आणि ऐकलेलं जपून ठेवायची. 'नाही' आलं तर दार उघडायची. 'हो' आलं तर दोन्ही गटांतल्या सगळ्यांना त्याच क्षणी कळवायची. बस, एवढंच तिचं काम. पण रोज कुणी विचारणारं असलं की माणूस रोज स्वतःच्या मनात एकदा डोकावून येतो, आणि तेवढ्यासाठीच तिला तिथं बसवलेलं होतं.

हे 'उत्तर' कशाचं, ते आधी सांगायला हवं.

विश्व फुगत चाललंय हे जगाला केव्हापासून ठाऊक आहे. भांडण होतं ते वेगाचं. आपल्यापासून साडेबत्तीस लाख प्रकाशवर्षं लांब असलेली वस्तू या फुगण्यामुळं सेकंदाला किती किलोमीटरनं दूर सरकते? विश्वाच्या बाळपणी निघालेला जुना उजेड तपासणारे सांगत, सदुसष्ट. फुटणारे तारे मोजणारे सांगत, त्र्याहत्तर. ऐकायला फरक लहान आहे. पण दोन्ही मापं बिनचूक असतील, तर विश्वात असं काही दडलेलं आहे ज्याचा आपल्याला पत्ताच नाही. आणि एक माप चुकलेलं असेल, तर कुणाचं? माणसांची एक अख्खी पिढी या भांडणात म्हातारी झाली होती.

शलाकाचा गट फुटणारे तारे मोजणाऱ्यांचा. केंद्रात त्यांना शिडीवाले म्हणत. काही विझत आलेले तारे जोडीच्या ताऱ्याचा ऐवज आपल्याकडं ओढत राहतात आणि एका ठरलेल्या वजनाला पोचले की फुटतात. वजन ठरलेलं, म्हणून उजेडही जवळपास ठरलेला. एकाच कारखान्यातले दिवे कुणी आभाळभर टांगून ठेवावेत तसं. दिवा मंद दिसला तर तो लांबचा, लख्ख दिसला तर जवळचा. त्याचा उजेड वाटेत किती ताणला गेला, त्यावरून तो निघाल्यापासून विश्व किती फुगलं तेही कळतं. फक्त दिवा मुळात केवढा, हे आधी ठरवावं लागतं. ते जवळच्या आकाशगंगांत फुटलेल्या ताऱ्यांवरून ठरायचं, आणि त्या आकाशगंगा किती लांब, ते तिथल्या उजेड कमीजास्त करत राहणाऱ्या ताऱ्यांवरून. एका पायरीवर दुसरी पायरी.

तिचा नवरा भूषण दुसऱ्या गटात होता. ते रस्तेवाले. परतवाड्याहून चिखलदऱ्याला यायला दोन रस्ते आहेत, एक धामणगाव गढीवरून आणि दुसरा घटांगवरून. दोन बस एकाच वेळी सुटल्या तरी एक आधी पोचते. उजेडाचंही तसंच होतं. लांब कुठं तारा फुटला आणि वाटेत एखादी जड आकाशगंगा आडवी आली, की तिच्या ओढीनं उजेड वाकतो आणि दोन-तीन वाटांनी आपल्याकडं येतो. तोच तारा आभाळात आज एका जागी फुटलेला दिसतो, आणि काही महिन्यांनी शेजारच्या जागी पुन्हा फुटताना दिसतो. दोन्हींतला उशीर मोजला की रस्ते किती लांब ते कळतं, आणि त्यावरून विश्वाचा वेग. यात शिडीची गरजच नाही. पूर्वी असा तारा क्वचित सापडायचा. आता आभाळावर सतत डोळा ठेवणारे मोठे कॅमेरे आले होते आणि असे तारे पुष्कळ हाती लागले होते.

दोन वेगळ्या रीती, दोन वेगळे गट. दोघांचं एकच आलं तर भांडण मिटलं. म्हणून दोघांना एक नेम लावलेला होता. संगणक प्रत्येक गटाच्या उत्तरात आपल्या मनानं एक आकडा मिसळून ठेवायचा. कुणीतरी घड्याळाचे काटे सरकवून ठेवावेत, तसं. काम करणाऱ्याला काटे फिरताना दिसायचे, पण खरे किती वाजले ते कळायचं नाही. सगळ्या तपासण्या झाल्या आणि आता काही बदलायचं नाही असं सगळ्यांनी कबूल केलं, की मगच मिसळलेला आकडा काढायचा. याला पेटी उघडणं म्हणत. पेटी उघडल्यावर मागं वळून काही दुरुस्त करायला बंदी. कारण माणसाला आपल्या आवडीचा आकडा दिसला की तो चुका शोधायचं थांबवतो, आणि नावडता दिसला की शोधतच राहतो. यात लबाडी नसते. माणसाचा हात नकळत तसा वळतो.

घरात या नेमाची फार गंमत व्हायची. इंगोल्यांच्या घरी जेवताना पासष्ट ते पंचाहत्तरमधला कुठलाही आकडा उच्चारायचा नाही, असं नवराबायकोनं ठरवून टाकलं होतं. भूषणची आई पंचफुलाबाई हे मुद्दाम मोडायच्या.

"शेजारची कमली आता केवढी झाली असंल व शलाका?" त्या भाकरी वाढता वाढता विचारायच्या.

"आई!"

"सत्तरची असंल. की बहात्तरची?"

दोघंही ताटात बघायला लागायचे आणि पंचफुलाबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. "दोघं येवढे शिकले, अन् कमलीच्या वयाले भेतात!"

त्या वर्षी हिवाळ्यात रस्तेवाल्यांची पेटी आधी उघडली. अट अशी, की शिडीवाल्यांची उघडेपर्यंत त्यांनी तोंडातून अक्षर काढायचं नाही. साक्षी त्यांना आता वेगळा प्रश्न विचारू लागली, "काल तुमच्या तोंडून काही गेलं का?" भूषणनं केंद्राच्या पाहुणेघरात मुक्काम हलवायची तयारी केली होती. पंचफुलाबाईंनी त्याची बॅग हातातून काढून घेतली. "नवराबायको एका गावात अन् दोन घरात? लोक म्हणतीन, पंचफुलाच्या घरी काडीमोड होऊन रायला." तो घरीच राहिला. बायकोसमोर चेहरा असा ठेवायचा की जणू दातांच्या डॉक्टरकडं बसलाय. शलाकाला त्याची कीव यायची. तिनं कधी त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलंसुद्धा नाही.

तिची पेटी उघडायला आता एकच गोष्ट अडून होती. धूळ.

आकाशगंगांत धूळ असते. ती उजेड अडवते, उरलेला तांबूस करते. धुळीआडचा दिवा आहे त्याहून मंद दिसतो. जवळच्या आकाशगंगांत धूळ कमी धरली, तर दिवा मुळात लहान ठरायचा आणि विश्वाचा वेग जास्त यायचा. धूळ जास्त धरली तर दिवा मोठा ठरायचा आणि वेग कमी. दोन्ही बाजूंनी पुरावा होता आणि कुठलाच पुरता नव्हता. गटानं हा निर्णय शलाकावर सोपवला होता, कारण गेली सहा वर्षं तिनं धुळीशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं. या कामाच्या शोधनिबंधावर पहिलं नाव तिचंच लागायचं होतं. सोमवारी सकाळी तिनं निर्णय सांगायचा, आणि मग पेटी उघडायची.

रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरात सासूसोबत भरिताची वांगी सोलत बसली होती. वांगी निखाऱ्यावर भाजून काळी झाली होती. शलाकाचं लक्ष ठिकाणावर नव्हतं, बोटं पोळत होती तरी तिला कळत नव्हतं. पंचफुलाबाई तिच्याकडं पाहत होत्या.

"काहून व येवढी झुरते पोरी? चार दिवसांपासून तुले अन्न जात नाही."

"काही नाही, आई. उद्या ते धुळीचं सांगायचंय."

"त्यात झुरासारखं काय हाय? आता तं तुमचं दोघायचं जुयलं ना!"

"काय जुळलं?"

"भूषन सांगत होता ना, विश्व जोरातच पयते म्हणून. त्र्याहत्तरनं. तुम्ही शिडीवाले बी तेच म्हणत आले पयल्यापासून. मंग आता कायचा घोर? खाय दोन घास पोटभर."

शलाकाच्या हातात वांग्याचा देठ होता. तो तिनं ताटात ठेवला, मग पुन्हा उचलला, मग पुन्हा ठेवला.

"काय झालं व?"

"काही नाही," ती म्हणाली आणि उठून हात धुवायला गेली. नळ कितीतरी वेळ वाहत राहिला.

आत जाऊन तिनं लॅपटॉप उघडला. तिला फक्त एवढंच बघायचं होतं की आपल्याला काही झालंय का. धुळीचे दोन्ही तक्ते समोर मांडले. शुक्रवारी संध्याकाळी तिचा तराजू मधोमध होता, किंवा किंचित 'जास्त'कडं झुकला होता. नक्की कुठं, ते आता आठवेना. पण आज 'कमी'च्या बाजूची कारणं न बोलावता येऊन बसू लागली. ही आकाशगंगा तशी निर्मळच आहे. त्या ताऱ्याचा तांबूसपणा धुळीचा कशावरून, तो मुळातच तसा असेल. त्या जुन्या मापात तर चूक होतीच. एकेक कारण खरं होतं, कुठंच खोट नव्हती. आणि तिला भीती वाटली ती त्याचीच. लबाडीची कारणं असती तर तिनं ती हाकलून दिली असती.

तिनं झाकण मिटलं.

उन्हं कलल्यावर ती भूषणला घेऊन दरीच्या कडेनं फिरायला निघाली. कॉफीची झुडपं संपतात तिथं एक सपाट खडक आहे, त्यावर दोघं बसले. खाली गाविलगडाकडं धूसर झालं होतं आणि सूर्य लालबुंद होऊन उतरत होता.

"तू आईंना सांगितलंस," ती म्हणाली.

त्यानं नाही म्हटलं नाही.

"मायनं तुला सांगितलं?"

"मी जेवावं म्हणून सांगितलं बिचारीनं."

"तिचे गुडघे चोळून देत होतो," भूषण म्हणाला. "तिनं विचारलं, जिंकला का रे? मी सांगून टाकलं. शाळेतून आलो की दप्तर टाकायच्या आधी तिला सगळं सांगायचो मी, कोणी मारलं, कोणाला मारलं. मायला सांगणं म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगणं, असं मला आजपर्यंत वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी साक्षीनं विचारलं तेव्हा मी 'नाही' म्हणालो, आणि शलाका, खरं सांगतो, ते मला खोटं वाटलं नाही."

तिला हसू आलं आणि रडूही. "इतकी यंत्रं, इतके नेम. अन् गुडघ्याच्या तेलात वाहून गेलं सगळं."

"उद्या काय करणार तू?"

"साक्षी विचारेल."

"तू 'हो' म्हणालीस तर तुझ्या हातून धूळ जाईल. पहिलं नाव जाईल. सहा वर्षं."

"तुझीही जातील. नाव तर सांगावं लागेल ना मला."

"माझं सोड." मग जरा थांबून तो म्हणाला, "नाही, सोडू नकोस. मला भीती वाटते. रस्तेवाल्यांतून मला काढून टाकतील. हे बघ, तू ठरवणार होतीस तेच ठरव ना. जे शुक्रवारी मनात होतं ते."

"तेच तर सापडत नाही. तू घरात दिवा लावल्यावर मला विचारतोयस, अंधारात तुला काय दिसत होतं."

"कुणाला कळणार नाही, शलाका."

"मला कळलंय ना."

सूर्य आता इतका मंद झाला होता की त्याच्याकडं सरळ बघता येत होतं. शलाका बघत राहिली. भर दुपारी ज्याच्याकडं डोळा उचलवत नाही, तो हा. हवेनं आणि धुळीनं मधे येऊन त्याला केवढासा करून टाकला होता.

जेवताना भरिताला कुणी हात लावला नाही. पंचफुलाबाईंनी एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा सुनेकडं.

"म्या काही चुकीचं बोलली का?"

भूषणनं सांगितलं. आधी हळू, मग भराभर. पंचफुलाबाईंचा चेहरा उतरला आणि लगेच तापला.

"चोरी केली का म्या? पोरगी जेवत नाही, तिले दोन शब्द बरे बोलली तं गुन्हा झाला? अन् आकडा काय माह्या सांगण्यानं बदलते? विश्व काय पंचफुलाचं आयकून पयते?"

"विश्व नाही बदलत, आई," शलाका म्हणाली. "माझा हात बदलतो. तुम्ही अंगणवाडीत पोरांची वजनं घ्यायच्या, तेव्हा मागच्या महिन्याचं कार्ड आधी का बघत नव्हत्या?"

पंचफुलाबाईंनी लग्नानंतर कित्येक वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढली होती. काटा लटकवून त्यात रडणारी पोरं तोलायची, हे त्यांचं काम.

"कार्ड पाह्यलं की काटा तिथंच दिसते," त्या सवयीनं बोलून गेल्या. "पोरगं हात-पाय झाडते, काटा हालते. मांगं आठ किलो लिहून असलं तं डोया आठवरच जाऊन बसते. पोरगं सुकलेलं असलं तरी. म्हणून म्या आधी तोलाची, मंग कार्ड—"

त्या मधेच थांबल्या. ताटातला भाकरीचा तुकडा त्यांनी उलटा केला, सुलटा केला.

"म्हंजे म्या तुले कार्ड दाखवलं," त्या म्हणाल्या.

शलाकानं त्यांच्या ताटात भरीत वाढलं.

"मंग सांगून टाक त्या दारातल्या बाईले," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पोरगं सुकलेलं असलं तं सुकलेलंच लिहा लागते. अन् माहं नाव सांग. म्हातारीले काय करतीन ते?"

सोमवारी सकाळी धुकं इतकं उतरलं होतं की केंद्राचं दार समोर येईपर्यंत दिसलं नाही. शलाका एकटीच निघाली होती. भूषण उठून कुठं गेला ते तिनं विचारलं नव्हतं.

"काल उत्तराबद्दल तुमच्या कानावर काही आलं का?"

रोजचं 'नाही' ओठांवर तयार होतं. इतक्या दिवसांच्या सवयीनं ते आपणच बाहेर पडू बघत होतं. शलाकानं ते गिळलं.

"हो."

साक्षीचा आवाज जराही बदलला नाही. "कुणाकडून?"

"घरातून."

"नाव सांगा."

शलाकाला ते जमेना. सासूचं नाव त्या काळ्या पट्टीला सांगायचं, आणि ते कायमचं तिथं राहायचं.

"भूषण इंगोले," मागून आवाज आला. तो धुक्यातून चालत आला होता, मफलर चुकीचा गुंडाळलेला, रात्रभर झोप नसलेला. "रस्तेवाला गट. माझ्या तोंडून गेलं. दुसऱ्या दिवशी मी 'नाही' म्हणालो, ते चूक होतं."

"ऐकलं," साक्षी म्हणाली. दार उघडलं नाही.

दोघं तिथंच पायरीवर बसले. आत एकेका टेबलावर खबर पोचत असणार. थोड्या वेळानं शिडीवाल्यांचे प्रमुख ढोमणे सर बाहेर आले. एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचे कान लाल झाले होते.

"इंगोले, तुम्ही लोक काय चुलीवर विश्व शिजवता का हो?" ते म्हणाले. मग त्यांनी शलाकाकडं पाहिलं, चष्मा काढून पुसला, आणि जरा खालच्या आवाजात म्हणाले, "धुळीचा निर्णय आता लेहच्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या डोल्माकडं जाईल, ती दोन्ही गटांबाहेरची आहे. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्ही दोघं पेटी उघडेपर्यंत बाहेर."

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. कॅन्टीनमध्ये चुलीवरचं विश्व हा विनोद चांगलाच मुरला. भूषणचं नाव निबंधातून गेलं. काही दिवस तो बायकोशी धड बोलला नाही. मग एका संध्याकाळी त्यानं न सांगता तिच्यासाठी कॉफी करून आणली आणि बोलायला लागला, आणि तो विषय दोघांनी पुन्हा काढला नाही. केंद्रानं दोघांना शाळांमध्ये पोरांना आभाळ दाखवायचं काम दिलं. सेमाडोहच्या आश्रमशाळेत एका मुलीनं भूषणला विचारलं, "सर, तारा फुटला तर आवाज कुठं जातो?" ते सांगता सांगता तो कितीतरी दिवसांनी मोकळा हसला, असं शलाकाला वाटलं.

डोल्मानं घाई केली नाही. कमी की जास्त, या दोन्ही बाजूंना तिनं हात लावला नाही. धुळीला ज्या प्रकाशात फारसं अडवता येत नाही, त्या अवरक्त प्रकाशात तिनं लडाखच्या दुर्बिणीतून जवळच्या आकाशगंगा एकेक करून पुन्हा मोजायला घेतल्या. पेटी पुढं ढकलली गेली. शलाकाला हे कळलं तेव्हा तिला क्षणभर फार वाईट वाटलं. हे आपल्याला का सुचलं नाही, असं नव्हे. सुचलं होतं. पण सोमवार जवळ होता आणि ती थकली होती.

पेटी उघडली ती मे महिन्यात. मधे कुणी काही कळवू नये म्हणून दोघांचे फोन केंद्रात जमा होते. घरात फोन होता तो फक्त पंचफुलाबाईंचा. दुपारी तिघं ओसरीवर बसले होते. कैऱ्या चिरायच्या होत्या, आणि भूषण त्या भलत्याच जाड चिरत होता.

"लोणचं घालायचं हाय बावा, घर नाही बांधायचं," पंचफुलाबाई म्हणाल्या.

फोन वाजला. पंचफुलाबाईंनी हात पदराला पुसले, फोन कानाला लावला. "हाव. हाव, मीच पंचफुलाबाई. सांगा." त्या ऐकत राहिल्या. "पुन्यांदा सांगा, साहेब." पुन्हा ऐकलं. ओठांनी काहीतरी पुटपुटलं. "हाव. बराबर." फोन ठेवला.

शलाकाच्या हातातली कैरी विळीवर थांबली होती. भूषण उभाच राहिला होता.

पंचफुलाबाई मात्र फोन मांडीवर ठेवून दोघांकडं पाहत बसल्या. आयुष्यात कधी कुणाला असं विचारलं नसेल त्यांनी.

"सांगू का?"

शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "सांगा, आई."

"सत्तर."

"सत्तर?"

"थोडंसं इकडं-तिकडं म्हणे, पण सत्तरच. भूषनच्या त्र्याहत्तरशी जुयत नाही, अन् त्या जुन्या उजेडवाल्यायशी बी जुयत नाही. दोनदा म्हणवून घेतलं मले ढोमणे साहेबानं."

शलाका मनात आकडे मांडत होती. तिच्या दोन्ही तक्त्यांतला फरक तिला तोंडपाठ होता. फरक साधारण तिनाचा, आणि डोल्माची धूळ 'जास्त'च्या तक्त्यावर उतरली असणार.

"मी धूळ कमी धरली असती, तर त्र्याहत्तर आलं असतं," ती म्हणाली.

"बरोब्बर?"

"अगदी तुझ्या आकड्यावर."

भूषण खाली बसला. "आणि आपण पेढे वाटले असते. साऱ्या जगानं वाटले असते."

"आणि कुणी पुन्हा तपासलं नसतं. जुळल्यावर कोण तपासतं?"

पंचफुलाबाईंना एवढं सगळं पोचलं नसावं, पण चेहरे त्यांना वाचता येत होते, आणि ते चेहरे वाईट दिसत नव्हते. "मंग भांडण मिटलं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई. आधी दोन होते, आता तीन झाले."

"मंग आता?"

"आता ह्यांनी रस्ते पुन्हा मोजायचे आणि आम्ही शिडी. किंवा मग विश्वातच काहीतरी आहे, जे तिघांनाही वेगवेगळं भासतंय. ते शोधायचं."

"मला आत घेतलं तर," भूषण म्हणाला.

"घेतीन," पंचफुलाबाई म्हणाल्या. "ढोमणे साहेब म्हणत होते, सोमवारी दोघायले धाडा म्हणून. म्या हाव म्हटलं." आणि दोघं त्यांच्याकडं बघत राहिले तशा त्या म्हणाल्या, "थे सांगाले तं मनाई नव्हती ना?"

शलाका हसता हसता विळीवरून उठली. पंचफुलाबाईंनी गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उभं केलं आणि ओसरीखाली चपला चाचपल्या.

"कुठं निघाल्या, आई?"

"कमलीकडं. आता तिले सांगतलं तं चालते का?"

"चालते. साऱ्या गावाला सांगा."

पंचफुलाबाई फाटकापाशी थांबल्या, मागं वळल्या. "तिले वाटंल, तिच्याच वयाचं बोलून रायली. भांडाले उठंल माह्यासंग." मग वाटेत विसरू नये म्हणून त्यांनी आकडा ओठांवर धरला आणि उन्हातून सत्तर, सत्तर असं म्हणत हळूहळू चालू लागल्या.